बोलक्या पुस्तकांचे रूपांतर : प्रस्तावना

हे पुस्तक कोणासाठी आहे ते आधी सांगून टाकतो. कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात सिग्नल प्रोसेसिंग शिकणारी विद्यार्थिनी ते वाचेल, अशी माझी अपेक्षा आहे. एखाद्या गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल वाचतील. त्यांच्या कपाटाच्या खालच्या खणात कॅसेटी पडून आहेत आणि त्या वाजवायला यंत्र उरलेले नाही. बाजारपेठेत मोबाइलच्या दुकानात बसून लोकांच्या कार्डात गाणी, कीर्तने आणि कथा भरून देणारा मुलगा वाचेल. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास कानांनी करणारा दृष्टिहीन विद्यार्थी ते ऐकेल. आजोबांचा आवाज ज्या एकाच कॅसेटवर उरला आहे, ती रुमालात गुंडाळून आणणारी नातही यात आहे. या सगळ्यांच्या तोंडी मागणी एकच असते : हे माझ्या यंत्रावर वाजत नाही, वाजेल असे करून द्या.

करून देणे अवघड नाही. २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेली एफएफएमपेग ही प्रणाली फुकट मिळते आणि एका ओळीच्या आज्ञेवर दहा तासांचे पुस्तक काही मिनिटांत बदलून देते. अवघड आहे ते काय करून द्यायचे हे ठरवणे. कोणत्या कानासाठी, कोणत्या यंत्रासाठी, किती वर्षांसाठी, आणि त्यापायी आवाजातले काय सोडून द्यायला आपण तयार आहोत, हे सगळे ती ओळ लिहिण्यापूर्वी ठरवावे लागते. आपण ठरवले नाही तर प्रणाली आपल्या मनाने ठरवते, आणि तिने काय टाकून दिले ते कळेपर्यंत मूळ हाताशी राहिलेले नसते. म्हणून हे काम मी संपादनाचे मानतो. जुन्या पोथीवरून प्रत करताना कोणता पाठ राखायचा आणि कोणता सोडायचा याची जबाबदारी संपादक घेतो. तीच जबाबदारी इथे फाइल बदलणाऱ्यावर येते, मग त्याला ती माहीत असो वा नसो.

बोलक्या पुस्तकाची कल्पना ध्वनिमुद्रणाइतकीच जुनी आहे. एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची जी यादी छापली तीत अंधांसाठी बोलणारी पुस्तके होती. ती प्रत्यक्षात यायला अर्धे शतक गेले. अमेरिकेत १९३४ च्या सुमारास आणि ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९३५ मध्ये दृष्टिहीनांसाठी तबकड्यांवरची पुस्तके घरपोच जाऊ लागली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम पंचवीस मिनिटे मावत, त्यामुळे एका कादंबरीला तबकड्यांची चळत लागे. नंतर टेप आली, कॅसेट आली, सीडी आली, मग नुसती फाइल. दर वेळी सबंध ग्रंथालय एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर उतरवावे लागले. जिथे मूळ मुद्रण जपले होते तिथे ते नीट उतरले. जिथे नकलेची नक्कल चालत आली होती तिथे आवाज दर टप्प्याला थोडा थोडा झिजला.

आपल्याकडे ऐकण्याची सवय कीर्तनाने लावली आणि रेडिओने ती घरात आणली. आकाशवाणीचे सांगली केंद्र १९६३ साली सुरू झाले. फिलिप्स कंपनीने कॅसेट बाजारात आणली तीही त्याच वर्षी. पुढे या दोन गोष्टी आपल्या भागात एकत्र आल्या : रेडिओवर ऐकलेले लोक कॅसेटवर उतरवून ठेवू लागले. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी कथाकथनाचे कार्यक्रम महाराष्ट्रभर केले. त्यांतले माडगूळकर आपल्या शेजारच्या माणदेशातल्या माडगूळचे, आणि नोकरीने पुणे आकाशवाणीत. लिहिलेली कथा बोलावी कशी याचा त्यांच्याइतका विचार फार थोड्यांनी केला असेल. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने काढलेल्या पु. ल. देशपांड्यांच्या कॅसेटी घरोघरी गेल्या. ऑडिओबुक हा शब्द कानांवर येण्यापूर्वीच मराठी माणूस पुस्तक ऐकत होता. स्टोरीटेलसारखी कंपनी २०१७ मध्ये भारतात आली तेव्हा तिला मराठीत श्रोता तयार मिळाला, त्याचे कारण हेच आहे असे मला वाटते.

आता फाइलकडे वळू. नावाच्या शेवटची तीन अक्षरे पाहून आपण तिचा प्रकार ओळखतो, पण त्यातून निम्मीच माहिती मिळते. प्रत्येक फाइलमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. आवाजाचे आकड्यांत रूपांतर ज्या रीतीने केले आहे ती रीत म्हणजे कोडेक. ते आकडे, प्रकरणांच्या खुणा, पुस्तकाचे नाव, मुखपृष्ठाचे चित्र हे सगळे एकत्र ठेवणारी बाहेरची रचना म्हणजे कंटेनर. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने रेठऱ्याला वडिलांना एम४बी फाइल पाठवली आणि ती वाजली नाही, असे म्हणताना आपण या दोहोंची गल्लत करतो. एम४बी हा नुसता कंटेनर आहे. आत बहुधा १९९७ साली ठरलेल्या एएसी रीतीने बांधलेला आवाज असतो. एम४ए आणि एम४बी यांच्या आतल्या रचनेत फरक नाही. शेवटचे अक्षर ‘बी’ असले की वाजवणारी प्रणाली त्याला पुस्तक समजते आणि ऐकणारा कुठे थांबला ते लक्षात ठेवते, एवढेच.

याचा व्यवहारात मोठा उपयोग आहे. वडिलांच्या फोनला एएसी समजत असेल तर आवाजाला हात न लावता फक्त कंटेनर बदलता येतो. एफएफएमपेगला ‘कोडेक कॉपी’ असे सांगितले की ती आतले आकडे जसेच्या तसे उचलून नव्या रचनेत ठेवते, आणि कणभरही काही हरवत नाही. ज्याला हे माहीत नाही तो आवाज उलगडतो, पुन्हा आवळतो, आणि विनाकारण एक पिढी झिजवतो. म्हणून कोणतीही फाइल हातात आली की तिच्या आत काय आहे ते आधी पाहायचे, ही सवय या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातच लावली आहे.

आवाज आवळण्याच्या रीती दोन जातींच्या. वेव्हमध्ये आवाज आहे तसा ठेवलेला असतो. २००१ साली आलेला फ्लॅक तो लहान करतो, पण उलगडल्यावर एकूण एक आकडा परत देतो. मूळ आवाजाची गणिती खूणगाठही फ्लॅक आपल्या पोटात ठेवतो, त्यामुळे काही वर्षांनी फाइल शाबूत आहे का ते तपासता येते. दुसऱ्या जातीत एमपी३, एएसी, ओपस. या रीती माणसाच्या कानाला जे ऐकू येणार नाही असे त्यांना वाटते ते टाकून देतात. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला जाणवत नाही, या गुणावर सगळी बांधणी उभी आहे. टाकलेले परत मिळत नाही. एमपी३ची फ्लॅक केली तर फाइल फुगते, आवाज तोच राहतो. कराड-रेठऱ्याच्या ऊसपट्ट्यात वाढलेल्या वाचकाला हे एका वाक्यात कळेल : गुळाचा पुन्हा रस होत नाही.

एमपी३ची रीत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ठरली, आणि ‘.एमपी३’ हे शेपूट १९९५ मध्ये ठरले. तिच्या जडणघडणीतली एक हकिकत या क्षेत्रातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतले कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग ही रीत तपासत होते. वाद्यमेळ ठीक वाजत होता. पण सुझान व्हेगा या गायिकेने कोणत्याही साथीशिवाय म्हटलेले एक गाणे घातले, तेव्हा तिचा आवाज पार बिघडला, आणि तो नीट येईपर्यंत त्यांना रीत पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागली. पाठीमागे काहीच नसलेला माणसाचा एकटा आवाज ही सर्वांत कठीण परीक्षा ठरली, कारण चूक झाकायला तिथे दुसरा आवाज नसतो. बोलके पुस्तक म्हणजे तासन्‌तास चालणारा एकटा आवाजच. ‘नुसते बोलणे तर आहे, कितीही आवळले तरी चालेल’ हे बाजारात ऐकू येणारे मत मला म्हणूनच पटत नाही.

मराठीच्या बाबतीत तर ते मुळीच पटत नाही, आणि इथे थोडे थांबायला हवे. आवाजाचा नमुना सेकंदाला किती वेळा घेतला यावर त्यातला सर्वांत बारीक, वरचा ध्वनी ठरतो : जितके नमुने, त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपने टिकतात. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. जुन्या फोनमधले ध्वनिमुद्रण ‘एएमआर’ रीतीचे असे. त्यात ८,००० नमुने, म्हणजे ४,००० कंपनांच्या वरचे सगळे गेले. आता ‘स’चा जोर बराचसा ४,००० च्या वर असतो, ‘श’चा त्याहून खाली सुरू होतो. वरचा भाग कापला की ‘स’ आणि ‘श’ एकमेकांकडे सरकतात. त्याहून नाजूक गोष्ट आपल्या ‘च’ आणि ‘ज’ची. ‘चार’ मधला च आणि गुरांच्या ‘चाऱ्या’तला च आपण वेगळे उच्चारतो, ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतले ज वेगळे. लिपीत ही जोडी एकसारखी दिसते, भेद फक्त कानाला असतो, आणि तो नेमका या वरच्या घर्षणात असतो. पुस्तक वाचताना हा भेद वाचकाने आपल्या मनाने भरून काढायचा. बोलक्या पुस्तकात तो वाचणाऱ्याने भरलेला असतो. तो कापून टाकणे म्हणजे वाचणाऱ्याचे निम्मे काम पुसणे. आजीच्या गावच्या बोलीत सांगितलेली कहाणी असेल तर नुकसान आणखी मोठे, कारण ते उच्चार कोणत्याच कोशात लिहून ठेवलेले नाहीत.

म्हणून माझा आग्रह असा : मराठी वाचनासाठी सेकंदाला २२,०५० पेक्षा कमी नमुने घेऊ नयेत. एमपी३ करायची तर एकाच वाहिनीची, म्हणजे मोनो, आणि ६४ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटची, करावी. तासाला साधारण २९ एमबी लागतात. दहा तासांचे पुस्तक तीनशे एमबीच्या आत बसते, आणि ३२ जीबीच्या कार्डात अशी शंभरहून अधिक पुस्तके मावतात. इतकी जागा हाताशी असताना आणखी आवळण्याला कारण उरत नाही. २०१२ साली प्रमाणित झालेली ओपस ही रीत बोलण्यासाठी फार गुणी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आपण जो आवाज पाठवतो तो ओपसच असतो. २४ केबीपीएसला, तासाला ११ एमबीत, ती एमपी३ला कितीतरी मागे टाकते. तरी साध्या बटणांच्या फोनसाठी मी आजही एमपी३च देतो. रात्री शेतात पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाच्या खिशात तो फोन असतो, आणि त्याला ओपस उघडता येत नाही. एमपी३च्या पेटंटांचे परवाने देणे २०१७ मध्ये थांबले. तेव्हापासून ती खऱ्या अर्थाने कोणाचीच नाही, आणि ती वाजवत नाही असे यंत्र शोधावे लागेल. श्रोत्याला नवा फोन घ्यायला लावणारी रीत, ती कितीही चांगली असली तरी, त्या श्रोत्यापुरती निकामीच.

इथवर आवाजाचे झाले. पुस्तकाचे अजून बाकी आहे, आणि माझ्या मते या क्षेत्राचा गाभा तिथे आहे. पुस्तकाला क्रम असतो, प्रकरणे असतात, पाने असतात, मागे जाऊन पुन्हा पाहण्याची सोय असते. आवाज उत्तम उतरला आणि हे हरवले, तर हातात राहतो तो एक लांबलचक आवाज.

अगदी साधे उदाहरण घेऊ. एका पुस्तकाच्या बारा फायली आहेत आणि नावांत १, २, ३ असे आकडे आहेत. पुष्कळ यंत्रे नावे अक्षरक्रमाने लावतात, त्यामुळे १ नंतर १०, ११, १२ वाजते आणि मग २. काही स्वस्त यंत्रे तर कार्डात फायली ज्या क्रमाने टाकल्या त्याच क्रमाने वाजवतात. दृष्टी असलेला माणूस पडद्यावर पाहून दुरुस्त करतो. पडदा न दिसणाऱ्याला मात्र कादंबरीचा शेवट दुसऱ्या प्रकरणाच्या जागी ऐकू येतो. उपाय तेवढाच साधा : ००१, ००२ असे तीन घरांचे आकडे, नावाच्या सुरुवातीला, इंग्रजी अंकांत, आणि फायली त्याच क्रमाने कार्डात टाकायच्या. फाइल वाक्याच्या मध्ये तोडू नये. एमपी३ बांधताना प्रत्येक फाइलच्या दोन्ही टोकांना किंचित रिकामी जागा भरली जाते; वाक्याच्या मध्ये ती आली की वाचणारा अडखळल्यासारखा वाटतो. परिच्छेद संपल्यावर वाचणारा स्वतः थांबतो, तिथे तोडावे.

फाइलच्या पोटात नाव लिहिण्याची जी जुनी पद्धत आहे, आयडी३ची पहिली आवृत्ती, तिच्यात शीर्षकाला ३० बाइट मिळतात. देवनागरीचे एकेक चिन्ह युटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हे. हिशेब करून पाहा : ‘कृष्णाकाठ’ नऊ चिन्हांत, २७ बाइटांत, कसेबसे बसते. ‘बटाट्याची चाळ’ला ३७ लागतात; शेवट तुटतो. त्याच्याही आधी, ज्या यंत्राला देवनागरी वाचताच येत नाही त्याच्यावर चौकोन उमटतात. म्हणून आयडी३च्या दुसऱ्या पिढीच्या आवृत्त्या वापराव्यात, आणि शिवाय प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला पुस्तकाचे व प्रकरणाचे नाव आवाजातच म्हणून ठेवावे. आवाजात सांगितलेले नाव कोणत्याही रूपांतरात गळत नाही.

दृष्टिहीन वाचकांच्या जगाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले. स्वीडनच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या कामातून डेझी ही पद्धत उभी राहिली. १९९६ साली तिच्यासाठी आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. डेझी पुस्तकात आवाजाबरोबर एक रचना असते : भाग, प्रकरण, उपप्रकरण अशा सहा पातळ्या, छापील पानांचे आकडे, आणि वाक्यावाक्याला आवाजातली नेमकी जागा. ‘पान १४३ काढा’ असे वर्गात म्हटले की दृष्टिहीन विद्यार्थी इतरांबरोबरच त्या पानावर पोचतो. आता हेच पुस्तक ‘साध्या फोनवर वाजेल असे’ करून मागितले जाते, आणि कोणी त्यातल्या एमपी३ फायली उचलून देतो. आवाज शंभर टक्के तोच. पण पाने गेली, पातळ्या गेल्या, आणि अभ्यासाचे पुस्तक गोष्टीच्या पुस्तकासारखे सलग ऐकावे लागले. कादंबरीला हे चालते. स्पर्धा परीक्षेच्या इतिहासाला चालत नाही. अशा वेळी निदान प्रत्येक घटकाची वेगळी फाइल करावी आणि तिच्या नावात पानांचे आकडे घालावेत. जागतिक जाल-संघाने, म्हणजे डब्ल्यूथ्रीसीने, नोव्हेंबर २०२० मध्ये ऑडिओबुकसाठी स्वतंत्र प्रमाण प्रसिद्ध केले, त्यातही क्रम आणि अनुक्रमणिका यांनाच मध्यवर्ती स्थान आहे.

भारतात २४ ऑगस्ट २०१६ रोजी ‘सुगम्य पुस्तकालय’ सुरू झाले. डेझी फोरम ऑफ इंडियाच्या संस्थांची पुस्तके तिथे एकत्र मिळतात. हे काम परोपकाराचे वाटते, पण वय वाढले की त्याची गरज कोणालाही पडू शकते. सांगलीत १८९८ साली जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची दृष्टी उत्तरायुष्यात गेली, आणि ज्ञानपीठ मिळवलेल्या या लेखकाला वाचणे व लिहिणे दोन्ही दुसऱ्याच्या आवाजातून करावे लागले.

कायद्याविषयी थोडक्यात, कारण त्याबाबत भीती आणि बेफिकिरी दोन्ही दिसतात. बोलक्या पुस्तकात लेखकाचा, वाचणाऱ्याचा आणि ध्वनिमुद्रण काढणाऱ्याचा असे तीन वेगळे हक्क गुंतलेले असतात. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. त्यांची ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांची झाली. वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांचे निधन १९६९ चे, त्यांचे लेखन २०२९ संपेपर्यंत हक्काधीन आहे. यशवंतराव चव्हाणांचे ‘कृष्णाकाठ’ २०४४ संपेपर्यंत. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक मोठे दार उघडले : अपंग व्यक्तीला वापरता येईल अशा रूपात कोणतेही पुस्तक आणणे, ना-नफा तत्त्वावर, हा हक्कभंग नाही. ‘कृष्णाकाठ’ एखाद्या दृष्टिहीन वाचकासाठी डेझीत आणायला २०४४ ची वाट पाहावी लागत नाही. याच विचाराचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला, आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. दुसऱ्या बाजूला, विकत घेतलेल्या फाइलला कंपनीने कुलूप घातलेले असते. हक्कभंगाच्या हेतूने ते तोडणे कलम ६५अ प्रमाणे गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. या पुस्तकात कुलपे तोडण्याच्या रीती दिलेल्या नाहीत. विकत घेतानाच बिनकुलपाची फाइल मिळते का ते विचारावे, असे मी सांगतो, आणि प्रकाशकांनी ती द्यावी असे माझे मत आहे. पैसे मोजलेले पुस्तक फोन बदलल्यावर हातचे जाणे मला न्याय्य वाटत नाही.

कॅसेटींबद्दल अंमळ सविस्तर लिहायला हवे. आपल्या भागात या क्षेत्राचे सर्वांत तातडीचे काम तेच आहे. कृष्णा-कोयनेच्या काठची पावसाळी हवा टेपला मानवत नाही. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी दिसते. फितीला हेडवर दाबून धरणारा नमद्याचा इवलासा तुकडा गोंद सुकून गळून पडतो, आणि लोक समजतात कॅसेट गेली. गेलेली नसते. चांगल्या स्क्रूच्या कवचात फीत हलवली, तुकडा बदलला की ती बोलते. मग लगेच मुद्रण सुरू करायचे नाही. ज्या यंत्रावर मूळ ध्वनिमुद्रण झाले त्याचे हेड आणि आपल्या यंत्राचे हेड यांच्या तिरकेपणात केसाएवढा फरक असतो, आणि तेवढ्याने वरचे ध्वनी मिटतात. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी हळू फिरवायचा आणि कान फक्त ‘स’कडे ठेवायचा. गोधडीतून आल्यासारखा आवाज एका क्षणी मोकळा होतो, ‘स’ला धार येते, तिथे थांबायचे. ही दुरुस्ती नंतर संगणकावर करता येत नाही.

मुद्रण ४८,००० नमुन्यांवर आणि २४ बिटांत, दोन्ही वाहिन्यांचे करावे. आवाज मोनो असला तरी एक वाहिनी दुसरीपेक्षा बरी निघते, आणि निवड नंतर करता येते. तासाच्या कॅसेटला सुमारे १ जीबी लागतो. फ्लॅक केल्यावर त्याहून पुष्कळ कमी. दोन्ही बाजूंचे खोक्यावरचे हस्ताक्षर छायाचित्रात उतरवून त्याच फोल्डरमध्ये ठेवावे. कित्येकदा तारीख आणि गावाचे नाव फक्त तिथेच असते. या मूळ प्रतीवर खरखर काढण्याचा प्रयोग करू नये. टेपची खरखर ज्या पट्ट्यात असते त्याच पट्ट्यात ‘स’ आणि आपला तो दुसरा ‘च’ असतात, आणि प्रणाली त्यांनाही खरखर समजून चोपते. रिकाम्या जागा आपोआप कापणारी सोय तर बंदच ठेवावी. कथाकथनात थांबणे हा कथेचा भाग असतो. हशा उसळण्याआधीचे ते दोन क्षण कापले तर विनोद मरतो. साफसफाई करायची ती नकलेवर, मूळ शाबूत ठेवून, आणि प्रत्येक नवी नक्कल त्या मुळावरूनच काढून.

नव्याने येणाऱ्याने सराव कशावर करावा? माझी सूचना आगरकरांची आहे. गोपाळ गणेश आगरकर कराडजवळच्या टेंभूचे, जन्म १८५६ चा, मृत्यू १८९५ चा. त्यांच्या लेखनावर आता कोणाचा हक्क नाही. त्यांची वाक्ये लांब, दमाची परीक्षा पाहणारी, आणि मोठ्याने वाचली की त्यांची बांधणी कानाला कळते. एक निबंध शांत खोलीत वाचून मुद्रित करावा. त्याची फ्लॅक मूळ प्रत ठेवावी. तिच्यावरून साध्या फोनसाठी एमपी३, स्मार्टफोनसाठी खुणांसह एम४बी, पाठवण्यासाठी ओपस, आणि परिच्छेदांच्या रचनेसह डेझी अशा चार प्रती काढाव्यात. त्या ज्यांच्यासाठी आहेत त्यांनाच ऐकवाव्यात आणि ते कुठे अडखळतात ते टिपून घ्यावे. २००५ पासून लिब्रिव्हॉक्स या उपक्रमात जगभरचे स्वयंसेवक हक्कमुक्त पुस्तके वाचतात. तिथे १२८ केबीपीएस, ४४,१०० नमुने, मोनो असा एकच दंडक आहे, आणि बाकीची रूपे पुढे त्यावरून निघतात. आपल्या वाचनालयांनीही असा एक दंडक ठरवून घेतला तर एका गावात वाचलेले दुसऱ्या गावात विनातक्रार वाजेल.

पहिली तीन प्रकरणे आवाज आणि आकडे यांची आहेत. गणिताची सवय नसलेल्यांनी त्यांतली सूत्रे सोडून वाचले तरी काही अडत नाही. पाचवे आणि सहावे प्रकरण डेझीचे, ते शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनी एकत्र बसून वाचावे. ज्यांच्या घरी कॅसेट आहे त्यांनी क्रम मोडून चौथ्या प्रकरणापासूनच सुरुवात करावी, आणि शक्य असेल तर येत्या पावसाळ्याच्या आत.